आनंदाचे ऋण : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मागील वर्षी आमच्या वर्गाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अभ्यासाला होती. पहिल्याच तासाला सरांनी विचारले, नारायण वामन टिळक म्हणजे कोण? मागच्या बाकावरून मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर आले की ते लोकमान्यांचे धाकटे बंधू. सारा वर्ग हसला, सरही हसले. मीही हसले खरी. पण मला तरी त्यांच्याविषयी अधिक काय ठाऊक होते? शाळेत असताना त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता पाठ केली होती, घायाळ पक्षिणीची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणीही आले होते. फुलामुलांचे कवी एवढे एक वाक्य परीक्षेपुरते लक्षात होते. फुलांवर आणि मुलांवर कविता करणारा माणूस शांत, गोड आणि थोडासा भाबडा असणार, अशी माझी आपली समजूत.

'स्मृतिचित्रे' वाचली आणि ही समजूत पार पुसून गेली. खरे सांगायचे तर पुस्तकाचा पहिला भाग संपेपर्यंत मी या गृहस्थांवर अतिशय रागावले होते. घरी न सांगता निघून जाणारे, हाती पैसा टिकू न देणारे, क्षणात भडकणारे आणि क्षणात विरघळणारे, स्वतःच्या शोधापायी बायकोला वाऱ्यावर सोडणारे हे टिळक, आणि त्यांना जग म्हणणार आनंदाचे कवी! हा आनंद कोणाच्या जिवावर? मी हा प्रश्न वर्गात विचारला. सरांनी उत्तर दिले नाही. त्याऐवजी मला वाचनालयातून टिळकांच्या कविता आणि अभंग काढून दिले आणि पुढल्या वार्षिकासाठी लेख लिहायला सांगितले. हा लेख त्याचे फळ आहे. ते गोड आहे की तुरट, हे वाचकांनी ठरवावे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मण. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते, स्वभावाने कडक आणि तापट. आई जानकीबाई कवितेची आवड असणारी, हळव्या मनाची. मुलाच्या कानावर ओव्या आणि गाणी पडली ती आईच्या तोंडून. त्या काळच्या घरात अशा बाईचे काय होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. बालपणीची काही वर्षे कल्याणला गेली, आणि नारायण दहाबारा वर्षांचा असतानाच आई गेली. आई गेली आणि त्याचे घरही गेले. तो घराबाहेर पडला तो कायमचाच, असे म्हटले तरी चालेल.

पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले, पण ते अर्धवट राहिले. पोटासाठी कधी मास्तरकी, कधी पुराण, कधी कीर्तन. कुठल्याही गावी सहा महिन्यांहून अधिक जीव रमत नसे. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, तेव्हा जातील तिथे माणसे गोळा होत. पण आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हते. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही लग्नानंतर लक्ष्मी झाली. ती तेव्हा अकराबारा वर्षांची, अक्षरशत्रू, आणि माहेरी वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात वाढलेली. त्या सोवळ्याची हकीकत लक्ष्मीबाईंनी इतक्या मिस्कीलपणे सांगितली आहे की वाचताना हसू आवरत नाही, आणि पुस्तक मिटल्यावर त्या लहान मुलीची कीव येते.

नागपूरला अप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. या सुमारास त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. या देशातली माणसे जातीपातींनी अशी चिरफळलेली का, आणि त्यांना एकत्र बांधील असा धर्म कोणता? हा नुसता पंडिती प्रश्न नव्हता. पहिले मूल लहानपणीच गेले होते, संसाराची घडी बसत नव्हती, आणि जे शास्त्र ते लोकांना सांगत होते ते त्यांच्याच मनाला पुरत नव्हते. नवा धर्म आपणच काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते.

१८९३ च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला जात असताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांच्या गप्पा संस्कृत काव्यावर सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. त्या गृहस्थांनी उतरण्यापूर्वी टिळकांना बायबलच्या नव्या कराराची एक प्रत दिली, आणि हे पुस्तक मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचे काही सांगितले. टिळकांना ते फाजील आत्मविश्वासाचे वाटले असणार. त्या प्रवासात एकमेकांची नावे विचारायचे मात्र राहून गेले. ज्या माणसामुळे आयुष्याची दिशा बदलली त्याला धन्यवाद द्यायचे तर पत्ताच नाही! मला हा प्रसंग फार अर्थपूर्ण वाटतो. आपणही कितीतरी माणसांचे असे देणे लागतो, ज्यांच्या नावाची आपण कधी चौकशीच केलेली नसते.

पुस्तक वाचताना टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच थांबले. मी कुतूहलाने ती पाने वाचली. प्रवचनाच्या आरंभी धन्य हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. गंमत अशी की ज्यांना धन्य म्हटले आहे ती माणसे आपल्या हिशेबाने मुळीच धन्य नाहीत. ती दीन आहेत, शोक करणारी आहेत, छळ सोसणारी आहेत. आपल्याकडे धन्य म्हणजे ज्याचे सारे मनासारखे झाले तो. इथे ज्याचे काहीच मनासारखे झालेले नाही त्याला धन्य म्हटले आहे. आपला धन्यवाद हा शब्दही त्याच धन्याच्या घरातला, हे माझ्या आजवर ध्यानातच आले नव्हते. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाचा जो मुख्य विधी आहे, त्याच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थही उपकारस्तुती असाच होतो. आणि तो विधी ज्या रात्रीच्या आठवणीचा, ती ख्रिस्ताला पकडून नेले त्या रात्रीची. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला आनंद करण्याविषयी वारंवार लिहिले तेही बंदिवासातून. तेव्हा या धर्मातला आनंद सुखाच्या पोटी जन्मलेला नाही, दुःखाकडे पाठ फिरवून तर नाहीच नाही. आईवेगळ्या, घरावेगळ्या, भटक्या नारायणाला हे शब्द पहिल्या वाचनात का भिडले असतील, हे मला इथे प्रथम उमगले.

मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. (हेच अॅबट पुढे आपल्या संतकवींची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत नेणारे.) अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला भायखळ्याच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो एका देशी पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून. परक्या साहेबाच्या हातून नव्हे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हती. धर्म बदलला म्हणजे देश बदलला असे त्यांना कधीच वाटले नाही. हिंदुस्थानवर त्यांनी जी गाणी लिहिली ती ख्रिस्ती झाल्यावरही त्याच आवेशाने.

इकडे लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. ही बातमी त्यांच्यावर अक्षरशः कोसळली. त्या काळी नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे तो जिवंत असूनही मेल्यासारखा. कुंकू लावायचे की पुसायचे, असा तो पेच. पदरात लहानगा दत्तू. नातेवाईक सांभाळत होते, पण सांभाळणाऱ्यांचे शब्दही कधीकधी मारापेक्षा जड असतात. चार-पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. टिळक अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवीत होते, आणि इकडे लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरला, काही काळ नाशिककडे, मनाने कुठेच नव्हत्या. अधूनमधून टिळकांची पत्रे येत, त्यांत कविताही असत. कविता कितीही चांगल्या असल्या तरी त्यांनी भाकरी भाजता येत नाही, असे मी समासात पेन्सिलीने लिहिले आहे. (पुस्तक वाचनालयाचे आहे, याबद्दल ग्रंथपालबाईंची क्षमा मागते.)

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझे वडील शिक्षक होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा अत्यंत आनंदी माणूस. सकाळी भूपाळ्या म्हणत उठायचे, रस्त्याने जाताना दहाजणांची विचारपूस करायचे. कोणाच्या मुलाची फी, कोणाच्या म्हातारीचे औषध, कोणाच्या मुलीचे लग्न, हे सारे त्यांच्या पगारातून व्हायचे, आणि महिन्याच्या वीस तारखेला आई वाण्याकडे उधारी मागायला जायची. एका वर्षी माझी सहलीची वर्गणी द्यायला घरात पैसे नव्हते, आणि त्याच सहलीला दादांनी वर्गातल्या दोन मुलांना स्वतःच्या खर्चाने पाठवले होते. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी दादा गेले. तेराव्याला किती माणसे आली! प्रत्येकजण आईपुढे येऊन सांगत होता की सरांचे आमच्यावर फार उपकार आहेत. आई सगळ्यांना हात जोडत होती. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून मनात म्हणत होते, तुमच्यावरचे उपकार त्यांचे नव्हेत, हिच्या पाटल्यांचे आहेत. टिळकांवरचा माझा राग कुठून आला होता, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. मला स्वतःला ते लक्षात यायला पुष्कळ दिवस लागले.

असो. पुन्हा नगरला जाऊ.

लक्ष्मीबाई अखेर टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला म्हणून नव्हे. सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे तसेच ठेवले, चूल वेगळी, पाणी वेगळे. इथे टिळकांचे एक रूप दिसते, जे मी पहिल्या वाचनात रागाच्या भरात ओलांडून गेले होते. या तापट माणसाने धर्माच्या बाबतीत बायकोवर बळजबरी केली नाही. तिने आपल्या बुद्धीने आपला रस्ता शोधावा, त्याला वेळ लागला तर लागू द्यावा, हे त्यांनी मानले. आणि लक्ष्मीबाईंनी तो शोधला. एके दिवशी विचार करता करता त्यांना वाटले की देवाने माणूस केला, मग या जाती केल्या कोणी? प्रश्न साधा, पण तो स्वतःच्या डोक्यातून निघालेला होता, म्हणून एका रात्रीत त्यांचे आयुष्यभराचे सोवळे गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

तो काळ भयंकर दुष्काळाचा. १८९९-१९०० चा तो दुष्काळ जुनी माणसे छपन्न सालचा म्हणून ओळखत. नगर जिल्ह्यात उपाशी माणसांचे आणि पोरक्या मुलांचे लोंढे फिरत होते. त्याच्या आगेमागे प्लेग. टिळकांच्या घरात, नगरला काय आणि राहुरीला काय, पोरकी मुले येऊन राहू लागली. टिळकांनी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी न्हाऊमाखू घालून जेवायला वाढायचे, अशी ही कामाची वाटणी. मिळकत मर्यादित, तोंडे वाढती. या घरातल्या हकीकती वाचताना मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. दारिद्र्य, आजार, भांडणे, रुसवे, सारे आहे; पण या घरात माणसे सारखी हसत आहेत. टिळक वस्तू आणायला जातात आणि भलतेच काही घेऊन येतात किंवा पैसे कोणाला तरी देऊन रिकामे येतात. लक्ष्मीबाई चिडतात, बोलतात, मग दोघेही हसतात. ही बाई सोसते, पण नुसती सोसत बसत नाही. ती नवऱ्याला त्याचा हिशेब वाचून दाखवते, तोंडावर दाखवते, आणि तोही तो ऐकून घेतो. माझी आई कधी बोलली नाही. हा फरक मोठा आहे.

बालकवी ठोंबरे हेही याच घरातले एक मूल. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले, त्यात टिळकांचा मोठा पुढाकार. तिथेच सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि त्यांना बालकवी ही पदवी मिळाली. पुढे ते नगरला टिळकांकडे राहिले. एका ख्रिस्ती घरात एक हिंदू मुलगा मुलासारखा राहतो, रुसतो, हट्ट करतो, आणि महाराष्ट्राची सर्वांत आनंदी कविता लिहिणारा कवी होतो. ही कविता त्या घराच्या ओसरीवर वाढली, हे आपण बालकवी शिकताना सहसा विसरतो. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले तेव्हा या घराने आपलाच मुलगा गमावला.

आता टिळकांच्या कवितेविषयी थोडे. साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव केशवसुतांच्या पिढीत घेतले जाते. 'वनवासी फूल' या दीर्घ काव्यात फूल आणि माणूस यांचा संवाद आहे. एकांतातले समाधान खरे की माणसांत येऊन झिजणे खरे, हा त्यातला वाद. 'बापाचे अश्रू', 'सुशीला' यांसारख्या काव्यांतून घरगुती सुखदुःखे मराठी कवितेत आली. हे सारे आपण नोट्समध्ये लिहितो. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे भजनकार्य. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळीत विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. शब्द मराठी, पण अंगावरचा कोट साहेबाचा. काही देशी कवींनी वेगळा प्रयत्न केला होताच. टिळकांनी मात्र अभंग, ओवी, पद, कीर्तन हे सारे मराठमोळे वाहन ख्रिस्तभक्तीसाठी जुंपले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत असत. म्हणून त्यांच्या 'अभंगांजली'तला ख्रिस्त सिंहासनावर बसलेला राजा नाही. तो गुरू आहे आणि माउली आहे. आई लहानपणी गेलेल्या माणसाने देवात आई शोधावी हे स्वाभाविकच. वारकऱ्यांनी विठोबाला माउली केलेलेच होते, टिळकांनी ते अंगण ओलांडले एवढेच. त्यांची शेकडो गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली.

हे अभंग सलग वाचल्यावर मला जाणवले की यात मागणे फार थोडे आहे. माझ्या परिचयाची बहुतेक प्रार्थना मागण्याची. परीक्षेत पास कर, पाऊस पाड, दादांना बरे कर. टिळक मिळाल्याचे सांगत बसतात. आणि काय मिळाले होते या माणसाला? जात गेली, नातेवाईक गेले, पहिले मूल गेले, तब्येत खालावत होती, खिसा रिकामाच. तरी त्यांची भाषा अशी की जणू घरात काही ठेवायला जागा उरलेली नाही. हा निव्वळ स्वभाव म्हणावा का? स्वभाव म्हणावा तर त्याच स्वभावात तो प्रचंड संतापही होता, आणि नैराश्यही होते. ख्रिस्ती होण्याआधी त्यांची बुद्धी, वाणी, प्रतिभा सारे होते. नव्हते ते एवढेच, की कोणाचे आभार मानावेत हे ठाऊक नव्हते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्या श्रद्धेविषयी अधिकाराने बोलणे मला शोभणार नाही. पण ज्याला देणारा सापडला त्याला मिळालेल्या गोष्टी मोजता येऊ लागतात, असे काहीसे टिळकांचे झाले असावे.

१८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. तरीही मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरत राहिला. ख्रिस्त साहेबांच्या वेषात आला म्हणून आपल्या लोकांनी त्याला ओळखले नाही, ही खंत त्यांना सतत होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, जो कोणी ख्रिस्ताच्या मार्गाने जाऊ पाहील त्याला त्या दरबारात जागा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ठरलेला पगार सोडून, संन्याशासारखे! लक्ष्मीबाईंच्या जागी मी असते तर काय म्हटले असते ते इथे छापता येणार नाही. दरबार फार दिवस टिकला नाही, कारण टिळकच टिकले नाहीत. प्रकृती ढासळली, त्यांना मुंबईला आणले, आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती मंडळीत पुरण्याची रीत असतानाही त्यांचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली.

मरताना त्यांनी एक काम अर्धे ठेवले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचे चरित्र आपल्या आयाबायांना पोथीसारखे वाचता यावे, ही त्यामागची कल्पना. दहा-अकरा अध्याय होऊन ते थांबले. पुढचे साठाहून अधिक अध्याय कोणी लिहिले? लग्नात जिला अक्षर येत नव्हते आणि जोडाक्षरे जिला शेवटपर्यंत नीट साधली नाहीत, त्या लक्ष्मीबाईंनी. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या.

त्यांना टिळकांविषयी तक्रार लिहायची असती तर ती लिहायचा पुरेपूर अधिकार होता. त्यांनी काहीही लपवलेले नाही, हे मी दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम तपासले. सोडून गेलेले दिवस आहेत, उपास आहेत, अपमान आहेत, त्यांचा राग आहे. एकही रक्कम हिशेबातून गाळलेली नाही. तरीही हे पुस्तक वसुलीचे वाटत नाही. संपूर्ण पुस्तकभर त्या नवऱ्याला 'टिळक' म्हणतात, आणि त्या एका शब्दात कौतुक, चेष्टा, धाक आणि माया असे सगळेच ऐकू येते. मी पहिल्या वाचनात खाते पाहिले होते, सूर ऐकला नव्हता. आनंद टिळकांचा आणि किंमत लक्ष्मीबाईंची, असा माझा सरळ सिद्धान्त होता. पण मग हे हसू कोणाचे? टिळकांचे अभंग मी बाजूला ठेवू शकते, पण या बाईच्या हसण्याचे काय करू? त्या आनंदात तिचाही वाटा होता आणि तो तिने स्वतःच्या हाताने वाढून घेतला होता, असे मानल्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. टिळकांची चूक यामुळे पुसली जात नाही. ती चार-पाच वर्षे ती चार-पाच वर्षेच राहतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी 'स्मृतिचित्रे' घरी नेली होती. आई चौथीपर्यंत शिकलेली, पुस्तक वाचायचे म्हणजे तिला दडपण येते. दुपारी भांडी झाल्यावर मी तिला थोडे थोडे वाचून दाखवले. टिळक पैसे घेऊन बाजारात जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात अशा एका ठिकाणी ती एकाएकी इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, अगदी तुझे दादा. मी पाटल्यांचे विचारले. इतक्या वर्षांत प्रथमच विचारले. पाटल्या मोडायला दादांनी सांगितले नव्हते, असे तिने सांगितले. समोरच्या वाड्यातल्या मुलाची परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख होती, दादा गावाला गेले होते, तेव्हा तिनेच जाऊन मोडल्या. दादा परतल्यावर तिला आठ दिवस बोलले होते. तो मुलगा तेराव्याला आला होता का, असे मी विचारले. आला होता, म्हणाली, त्यानेच तर पंगतीत वाढायला घेतले होते.

मग तिने पुस्तक हातात घेऊन मागून पुढून पाहिले, आणि हे वाचनालयाला कधी परत करायचे आहे ते विचारले. मी म्हटले, सोमवारी. तर मग उद्या दुपारी लवकर बस, ती म्हणाली, भांडी मी सकाळीच घासून ठेवते.